विश्लेषण : घरी केलेले गांजाचे चॉकलेट खरेच ‘कमी मात्रेचे’ असते का?

कॅनडात २०१८ पासून प्रौढांसाठी गांजा कायदेशीर आहे. अमेरिकेतही २४ राज्यांत प्रौढांनी तो बाळगणे राज्याच्या कायद्याने गुन्हा राहिलेला नाही. धूर नको म्हणून तिथे अनेक जण तो खाण्याच्या पदार्थांतून घेतात. दुकानातली तयार चॉकलेटे महाग पडतात. शिवाय साचे, कोको आणि ओव्हन घरात असतोच, म्हणून हौशी मंडळी घरच्या ओट्यावरच ही चॉकलेटे करतात. एका वडीत अडीच किंवा पाच मिलिग्रॅम, म्हणजे ‘लो डोस’, असे त्यांचे गणित असते. भारतात अशी वडी करणे, बाळगणे किंवा खाणे गुन्हा आहे. पण टोरांटो, न्यू जर्सी, कॅलिफोर्नियात शिकायला आणि नोकरीला गेलेली मराठी मुले, तिकडे चार-सहा महिने राहायला जाणारे त्यांचे आईवडील आणि बँकॉकहून येताना बॅगेत ‘गंमत’ भरणारे पर्यटक यांच्यामुळे हा विषय आता आपल्या घरांपासून तितका दूर राहिलेला नाही. अशा वडीतली मात्रा घरी मोजता येते का, आणि ती चुकली तर काय होते?

‘कमी मात्रा’ म्हणजे किती?

गांजाची नशा मुख्यतः टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, म्हणजे टीएचसी या रसायनामुळे येते. अमेरिकेच्या राष्ट्रीय अमली पदार्थ संशोधन संस्थेने २०२१ मध्ये संशोधनासाठी टीएचसीचे एक प्रमाण एकक ठरवले. ते आहे पाच मिलिग्रॅम. पाच मिलिग्रॅम सर्वांना सुरक्षित असतात, असा याचा अर्थ नाही. निरनिराळ्या अभ्यासांची तुलना करता यावी, एवढ्यासाठी ते एकक आहे. कधीही न घेतलेल्या माणसाला पाच मिलिग्रॅमही जड जाऊ शकतात. म्हणूनच कॅनडाचे आरोग्य खाते नवख्यांना अडीच मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रेचा सल्ला देते.

नियमही याच आकड्यांभोवती फिरतात. कोलोरॅडोत एका ‘सर्व्हिंग’मध्ये जास्तीत जास्त १० आणि एका पाकिटात १०० मिलिग्रॅम टीएचसी चालते. कॅनडा याहून कडक आहे. तिथे संपूर्ण पाकिटातच १० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, मग आत एक वडी असो वा चार.

या मापाचा अंदाज यावा म्हणून एक घरगुती तुलना. चहाच्या चमच्यात साधारण पाच ग्रॅम मीठ मावते. त्या मिठाचे हजार सारखे भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे पाच मिलिग्रॅम. स्वयंपाकघरातला काटा एक ग्रॅमपर्यंत मोजतो आणि सोनाराचा काटा त्याच्या बराच खाली जातो. पण इथे सोनाराच्या काट्याचाही उपयोग नाही. कारण तो मोजेल चॉकलेटचे वजन, आतल्या टीएचसीचे नव्हे.

एका ग्रॅमचे गणित

दुकानात मिळणाऱ्या गांजाच्या फुलोऱ्यात आज २० टक्के टीएचसी असणे सामान्य झाले आहे. म्हणजे एका ग्रॅममध्ये २०० मिलिग्रॅम. मात्र झाडात ते टीएचसी-ए या आम्लाच्या रूपात असते, आणि ते आम्ल नशा आणत नाही. उष्णता दिली की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि टीएचसी उरते. रसायनशास्त्रात याला डीकार्बॉक्सिलेशन म्हणतात. वायू निघून गेल्याने वजन घटते आणि मूळच्या सुमारे ८८ टक्के उरते. म्हणजे २०० चे साधारण १७५ मिलिग्रॅम झाले.

पाच मिलिग्रॅमच्या वड्या करायच्या तर एका ग्रॅम गांजात ३५ वड्या व्हायला हव्यात. अमेरिकेत गांजाची नेहमीची खरेदी औंसाच्या आठव्या भागाची, म्हणजे साडेतीन ग्रॅमची असते. तेवढ्यात १२० हून अधिक वड्या व्हायला हव्यात. पण चॉकलेटच्या घरगुती साच्यात साधारण १५ ते २४ खळगे असतात. साडेतीन ग्रॅम गांजा २४ वड्यांत गेला, तर एका वडीत २५ मिलिग्रॅम बसतात. करणाऱ्याच्या लेखी ‘छोटीशी वडी’, पण प्रमाण एककाच्या हिशेबाने पाच मात्रा. घरगुती चॉकलेट फसते ते बहुतेक वेळा इथेच, भागाकारात.

आणि हा भागाकारही कागदावरचाच आहे. पाकिटावरचे टक्के हे त्या पिकातल्या नमुन्याचे असतात, हातात आलेल्या फुलाचे नव्हेत. भाजताना तापमान कमी पडले तर आम्लाचे पूर्ण रूपांतर होत नाही. जास्त झाले तर टीएचसी मोडते. तुपात किंवा लोण्यात उतरवताना काही अंश चोथ्यात राहतो. शेवटी वडीत किती उतरले, हे प्रयोगशाळेशिवाय सांगता येत नाही. घरी कळते ती फक्त वरची मर्यादा, म्हणजे काहीही वाया गेले नाही असे धरले तर जास्तीत जास्त किती असेल. हाच आकडा धरून चालणे शहाणपणाचे. प्रत्यक्षात मात्र उलटे घडते. ‘बरेच उडून गेले असेल’ म्हणून लोक एक वडी जास्त खातात.

कॅनडात जे खरोखर मोजूनमापून करतात, ते फुलोऱ्याच्या वाटेला जातच नाहीत. परवानाधारक दुकानातले, एका मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम हे बाटलीवर छापलेले तेल ते वापरतात. त्यामुळे एकूण किती पडले एवढे तरी नक्की कळते. वड्यांत ते सारखे वाटले गेले का, हा प्रश्न तरीही उरतोच.

चॉकलेटच का?

टीएचसी पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते. चॉकलेटमध्ये कोकोचे लोणी भरपूर असते आणि कोकोचा कडवटपणा गांजाचा हिरवट, तुरट वास झाकतो. हे गुपित पाश्चात्त्यांना आज उमगले असे नाही. भांगेची थंडाई दूध, बदाम आणि खसखशीत होते. त्यात चवीचा भाग आहे, तसा स्निग्धांशाचाही आहे.

पण चॉकलेट हा मोठा लहरी पदार्थ आहे. कोकोच्या लोण्याचे स्फटिक सहा प्रकारे जमतात. त्यातला पाचवा प्रकार जमला, तरच वडी चकचकीत होते, कट्कन तुटते आणि सुमारे ३४ अंशांना, म्हणजे तोंडात गेल्यावर वितळते. त्यासाठी चॉकलेट ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवून, थंड करून, पुन्हा ३१-३२ अंशांवर आणावे लागते. पाण्याचा थेंब पडला तर ते गोळा होऊन बसते. तेल जास्त झाले तर वडी मऊ राहते.

गांजाच्या बाबतीत यातून दोन अडचणी उभ्या राहतात. पहिली तापमानाची. टीएचसी-एचे रूपांतर पुरेसे व्हायला १०० अंशांच्या वरची, साधारणतः ११० ते १२० अंशांची उष्णता बराच वेळ लागते. चॉकलेट तेवढे तापवले तर जळते. म्हणून ते काम आधीच उरकावे लागते. ज्यांना हे ठाऊक नसते, ते कच्ची पूड वितळलेल्या चॉकलेटमध्ये ढवळतात, परिणाम नगण्य मिळतो, आणि पुढच्या खेपेला ते पूड दुप्पट करतात. त्या खेपेला कुणी तरी ‘आधी भाजून घे’ असे सुचवलेले असते. मग दोन्ही दुरुस्त्या एकदमच लागू होतात.

दुसरी अडचण मिसळण्याची. ३१ अंशांवरचे चॉकलेट दाट असते आणि झपाट्याने आळू लागते. त्यात तेल सर्वत्र सारखे पसरेलच असे नाही. शिऱ्यात बेदाणे टाकले की एकाच्या वाटीत चार येतात आणि दुसऱ्याच्या वाटीत एकही नाही, तशातला प्रकार. फरक इतकाच की बेदाणे दिसतात. एकाच ताटातल्या दोन वड्यांपैकी एकीत दोन मिलिग्रॅम आणि दुसरीत बारा असतील, तर रंग, वास, चव यांवरून ते कळायला मार्ग नाही.

प्रयोगशाळांनाही जे जड जाते

हा दोष फक्त घरगुती हौशींचा नाही. २०१५ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात एक पाहणी प्रसिद्ध झाली. सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस आणि सिएटलमधल्या वैद्यकीय गांजाच्या दुकानांतून घेतलेले ७५ खाद्यपदार्थ तिच्यात तपासले होते. वेष्टनावरचा टीएचसीचा आकडा बरोबर निघाला तो फक्त १७ टक्के पदार्थांत. ६० टक्क्यांत छापल्यापेक्षा कमी होते आणि २३ टक्क्यांत जास्त. तेव्हापासून नियम आणि तपासण्या कडक झाल्या आहेत. तरी २०१९ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या अधिवेशनात कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगशाळेच्या संशोधकांनी एक वेगळेच कोडे मांडले. तपासणीच्या बाटलीत चॉकलेटचा नमुना मोठा घेतला की टीएचसीचा आकडा कमी येतो, आणि नमुना छोटा घेतला की वाढतो. चॉकलेटमधला स्निग्धांश टीएचसीला धरून ठेवत असावा, असा त्यांचा कयास होता. लाखो डॉलरची यंत्रे असलेल्यांना चॉकलेट असे चकवत असेल, तर ओट्यावर डाव घेऊन उभ्या असलेल्याचे काय?

उशीर का होतो?

गांजा ओढला की टीएचसी फुप्फुसांतून थेट रक्तात जाते आणि काही मिनिटांत परिणाम जाणवतो. खाल्ला की ते आतड्यांतून यकृतात जाते. तिथे त्याच्या बऱ्याच भागाचे ११-हायड्रॉक्सी-टीएचसी होते. हे रसायनही नशा आणणारेच, आणि मेंदूत सहज शिरणारे. या वळणामुळे दोन गोष्टी होतात. परिणाम सुरू व्हायला अर्धा ते दोन तास लागतात, आणि तो पूर्ण चढायला चार तासही लागू शकतात. पुढे तो १२ तासांपर्यंत टिकू शकतो आणि सुस्ती दुसऱ्या दिवशीपर्यंत रेंगाळते. पोट रिकामे आहे की जेवण झाले आहे, जेवण तुपातले होते की कोरडे, यानेही वेळ बदलते. होळीला भांग पिणाऱ्यांना हे अनुभवाने माहीत असते. भांग ‘चढायला’ वेळ घेते आणि उतरायला त्याहून जास्त.

यातला खरा धोका मधल्या रिकाम्या तासाचा आहे. काहीच होत नाही म्हणून माणूस दुसरी वडी घेतो, मग तिसरी.

कोलोरॅडोत १ जानेवारी २०१४ रोजी गांजाची खुली विक्री सुरू झाली आणि मार्चमध्येच याचा भीषण दाखला मिळाला. १९ वर्षांच्या एका विद्यार्थ्याने डेन्व्हरमध्ये टीएचसी घातलेली कुकी खाल्ली. संपूर्ण कुकीत ६५ मिलिग्रॅम, म्हणजे साडेसहा मात्रा होत्या. तिचे सहा तुकडे करून एकच खायचा, असे विक्रेत्याने सांगितले होते, आणि सुरुवातीला त्याने एकच खाल्लाही. अर्धा ते एक तास काही जाणवले नाही, तेव्हा त्याने उरलेली कुकी संपवली. पुढच्या अडीच-तीन तासांत त्याचे वागणे बिघडत गेले आणि चौथ्या मजल्यावरून उडी मारून त्याचा मृत्यू झाला. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१५ मध्ये या घटनेचा अहवाल प्रसिद्ध केला, तो या उशिराच्या परिणामाकडे लक्ष वेधण्यासाठीच.

२०१४ मध्येच ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या स्तंभलेखिका मॉरीन डाऊड यांनी डेन्व्हरच्या हॉटेलात गांजाचे चॉकलेट खाल्ल्यावर आठ तास कशा भ्रमात आणि भीतीत काढले, ते लिहिले. नवख्याने त्या वडीचे १६ तुकडे करायचे असतात, हे त्यांना नंतर कळले. वेष्टनावर तसे काही नव्हते. त्यांची थट्टा भरपूर झाली. पण १६ भागांचे चॉकलेट एका वडीच्या आकारात विकणे ही चूक खाणाऱ्याची की करणाऱ्याची, हा प्रश्न त्या थट्टेत दबला नाही. २०१५ पासून कोलोरॅडोने १० मिलिग्रॅमचा प्रत्येक भाग स्वतंत्र दिसेल अशी आखणी सक्तीची केली, पुढे प्रत्येक तुकड्यावर टीएचसीची खूण आली आणि २०१७ मध्ये माणूस, प्राणी, फळे यांच्या आकारांवर बंदी आली.

घरच्या चॉकलेटला यातला एकही नियम लागू होत नाही. मऊ रबरी साचे मिळतात तेही बहुधा अस्वलांचे आणि बदामाच्या आकाराचे.

मग लोक करतात तरी का?

याला केवळ मौज म्हणून झटकून टाकणे बरोबर नाही. १९८० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत एड्सने माणसे मरत होती तेव्हा मेरी राथबन नावाची वृद्ध स्त्री स्वतःच्या स्वयंपाकघरात गांजाच्या ब्राउनी करून सॅन फ्रान्सिस्को जनरल रुग्णालयातल्या रुग्णांना फुकट वाटत असे. मळमळ थांबावी आणि दोन घास पोटात जावेत, एवढाच हेतू. ‘ब्राउनी मेरी’ याच नावाने ती ओळखली गेली. तिला अनेकदा अटक झाली आणि दरवेळी लोकांची सहानुभूती वाढत गेली. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाने जनमत कौलातून वैद्यकीय गांजाला मान्यता दिली, त्या चळवळीत तिचा वाटा मोठा होता. दमा असलेले किंवा धूर सहन न होणारे रुग्ण आजही खाण्याचा मार्ग निवडतात. मात्र वार्धक्यात झोपेची, रक्त पातळ करणारी वा हृदयाची औषधे सुरू असताना घरगुती वडी खाणे म्हणजे दुहेरी जुगार आहे. मात्रा माहीत नसते आणि औषधाशी तिचे काय होईल तेही. तोल जाऊन पडणे हा वृद्धांमधला साधा वाटणारा, पण महागात पडणारा परिणाम.

फ्रिजमधला डबा

घरी केलेल्या वडीचा सर्वांत मोठा दोष तिच्या रूपात आहे. ती चॉकलेट दिसते, कारण ती चॉकलेटच असते. वेष्टन नाही, खूण नाही, मूल उघडू शकणार नाही असे झाकण नाही. अमेरिकेतल्या विषबाधा केंद्रांकडे सहा वर्षांखालच्या मुलांनी गांजाचे खाद्यपदार्थ खाल्ल्याच्या २०१७ मध्ये २०७ नोंदी झाल्या होत्या. २०२१ मध्ये त्या ३,०५४ झाल्या. ‘पेडिअॅट्रिक्स’ नियतकालिकात २०२३ मध्ये आलेल्या या अभ्यासानुसार ९० टक्क्यांहून अधिक घटना घरातच घडल्या होत्या. नोंदी वाढण्यामागे कायदेशीर विक्रीचा विस्तार आणि करोनाकाळात घरी असलेली मुले ही कारणे असणार हे उघड आहे. मुलाचे वजन १२ किलो आणि भूक मात्र अख्ख्या डब्याची. प्रौढाला २५ मिलिग्रॅमने रात्र नकोशी होते. तेवढ्यानेच लहान मूल गुंगीत जाते, हातपाय लुळे पडतात आणि कधी श्वास मंदावून अतिदक्षता विभाग गाठावा लागतो.

मुलाकडे राहायला गेलेल्या आजी-आजोबांचेही तसेच. फ्रिजमधल्या डब्यातली वडी दुपारच्या चहाबरोबर कुणी खाल्ली आणि संध्याकाळी बोलणे अडखळू लागले, तर घरच्यांना पक्षाघाताची शंका येते. डब्यात काय होते हे ज्याला ठाऊक असते तो त्या वेळी कामावर असतो. घरात कुत्रा असेल तर आणखी एक गोष्ट. त्याला कोकोतले थिओब्रोमिनच विषारी असते, टीएचसी त्यात भर घालते.

तिकडचा कायदा काय म्हणतो?

कॅनडात प्रौढांना घरी खाद्यपदार्थ करायला परवानगी आहे. मात्र अर्क काढण्यासाठी ज्वालाग्राही सेंद्रिय द्रावके वापरता येत नाहीत. देशभरात एका घरात चार रोपांची मुभा आहे, पण क्युबेकने घरच्या लागवडीवर बंदी घातली आणि २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. क्युबेकच्या सरकारी दुकानांत गांजाची चॉकलेटे आणि मिठाई विकायलाही मनाई आहे. कारण तेच, मुलांना आकर्षण. न्यू जर्सीत गांजा दुकानातून घेता येतो, पण घरी एक रोपही लावता येत नाही. म्हणजे ‘अमेरिकेत चालते’ हे वाक्य राज्य सांगितल्याशिवाय अर्धवट आहे.

आणि भारतीय नागरिकासाठी ते बहुधा चुकीचेच आहे. अमेरिकेच्या संघराज्य कायद्यात गांजा आजही बेकायदा आहे, आणि व्हिसा, ग्रीन कार्ड, नागरिकत्व हे सारे संघराज्याच्या हातात. २०१९ मध्ये तिथल्या नागरिकत्व विभागाने स्पष्ट केले की राज्यात कायदेशीर असले तरी गांजाशी संबंधित कृत्य नागरिकत्वाच्या अर्जात ‘सच्चारित्र्या’च्या अटीआड येऊ शकते. सीमेवरच्या अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुलीही प्रवेश नाकारायला पुरेशी ठरू शकते. शेजारी राहणाऱ्या अमेरिकी मित्राला जी वडी फक्त चॉकलेट असते, ती एफ-१ किंवा एच-१बीवर असलेल्या मुलासाठी तशी नसते. कॅनडातून ती सीमेपलीकडे नेणे किंवा बाहेरून आत आणणे तर दोन्ही बाजूंनी गुन्हा.

भारतात वजन कशाचे?

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात, म्हणजे एनडीपीएसमध्ये, गांजाची व्याख्या झाडाचा फुलोरा किंवा फळे आलेले शेंडे अशी आहे. शेंड्यांशिवायची पाने आणि बिया त्यात येत नाहीत. म्हणून भांग या कायद्याबाहेर राहते आणि उत्तरेतल्या काही राज्यांत सरकारमान्य दुकानांतून विकली जाते. महाराष्ट्रात मात्र दारूबंदी कायद्यानुसार भांगेलाही परवाना लागतो. तेव्हा ‘भांगेचे चॉकलेट तर चालते ना?’ या प्रश्नाचे महाराष्ट्रातले उत्तर ‘परवान्याविना नाही’ असेच आहे.

गांजा किंवा चरस यांचे कोणतेही मिश्रण मात्र एनडीपीएसमध्ये स्पष्टपणे येते. शिक्षा ठरते ती जप्त मालाच्या वजनावर. गांजाची ‘अल्प मात्रा’ एक किलोपर्यंत आणि ‘व्यापारी मात्रा’ २० किलोपासून, चरसची अनुक्रमे १०० ग्रॅम आणि एक किलो. अल्प मात्रेला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, मधल्या मात्रेला दहा वर्षांपर्यंत, व्यापारी मात्रेला दहा ते वीस वर्षे.

मग चॉकलेटचे वजन कसे धरायचे? आतल्या अमली अंशाचे की पूर्ण वडीचे? एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हिरासिंग खटल्यात निकाल दिला की मिश्रणातला निरुपद्रवी भाग वजनातून वजा करायचा नाही. त्या खटल्यात चॉकलेटचा प्रश्न नव्हता. पण तर्क लावून पाहा. दहा ग्रॅमच्या २४ वड्या म्हणजे २४० ग्रॅम. त्यात चरस दोन ग्रॅम असला तरी पूर्ण वजन धरले तर अल्प मात्रेची रेघ ओलांडली जाते आणि प्रकरण दहा वर्षांच्या टप्प्यात जाते. असे पाच साचे भरले तर व्यापारी मात्रा. तिथे जामीनही सहज मिळत नाही. कॅनडात मात्रा मिलिग्रॅमने मोजतात. इथे पोलिसांचा काटा कोको, साखर आणि दूध पावडरही मोजतो. कमी मात्रेची, जास्त वड्यांची चॉकलेटे करणाऱ्याचा माल त्यामुळे कायद्याच्या काट्यावर उलट जास्त भरतो. विचित्र आहे, पण निकालाचा सरळ अर्थ तो आहे.

मुंबईत हा प्रश्न पुस्तकी नाही. जून २०२१ मध्ये मालाडच्या एका बेकरीवर छापा घालून अमली पदार्थ नियंत्रण विभागाने गांजा घातलेल्या ब्राउनी जप्त केल्या होत्या. थायलंडने २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढल्यावर बँकॉकहून मुंबई विमानतळावर उतरणाऱ्या प्रवाशांकडे गांजा सापडण्याच्या बातम्या नित्याच्या झाल्या. २०२५ मध्ये थायलंडनेही फुलोऱ्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची केली. तिथल्या दुकानाची पावती मुंबईच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यापुढे बचाव ठरत नाही.

भारतात ऑनलाइन दिसणारी ‘हेम्प’ची चॉकलेटे वेगळी. खाद्यसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये भांगेच्या झाडाच्या बिया, बियांचे तेल आणि पीठ अन्न म्हणून मान्य केले. त्यांत टीएचसी अगदी नाममात्र चालते आणि नशा येत नाही. वेष्टनावर ‘बिया’ की ‘विजया’ हे पाहावे. विजया म्हणजे आयुर्वेदातली भांग. तिची उत्पादने औषध म्हणून, वैद्याच्या चिठ्ठीवर मिळतात.

कुणी चुकून खाल्ले तर?

प्रौढ माणूस घाबरला असेल, छाती धडधडत असेल, वेळ सरत नाही असे म्हणत असेल, तर त्याला शांत, कमी उजेडाच्या खोलीत बसवावे, एकटे सोडू नये, गाडी चालवू देऊ नये. उलटी काढायचा प्रयत्न करू नये. टीएचसीवर उतारा म्हणून दारू किंवा झोपेची गोळी देणे धोक्याचे. छातीत दुखणे, शुद्ध हरपणे, झटके, श्वासाला त्रास यांपैकी काही दिसले, किंवा खाणारे लहान मूल असले, तर लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. टीएचसीसाठी खास उतारा औषध नाही, उपचार लक्षणांवर होतात. त्यामुळे डॉक्टरांना किती वड्या, किती वाजता आणि कशापासून केलेल्या हे खरे सांगणे महत्त्वाचे. ते लपवले तर गुंगीतल्या मुलाचे मेंदूचे स्कॅन आणि पाठीच्या मणक्यातून पाणी काढण्यापर्यंतच्या तपासण्या होतात. उरलेली वडी किंवा डबा सोबत न्यावा. कॅनडा-अमेरिकेत तातडीसाठी ९११, अमेरिकेतले विषबाधा केंद्र १-८००-२२२-१२२२. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि दिल्लीच्या एम्समधले राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र १८००-११६-११७.